वाडीत आधीच होऊन गेलेला खेळ

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. सगळी नोकरी यंत्रांत गेली. यंत्र बंद पडलं की त्याला कारण असतं. वायर तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर कुणीतरी नको तिथं बोट घातलेलं असतं. शांतपणे शोधलं की कारण सापडतं. ह्या एका प्रसंगाचं मात्र सापडलेलं नाही... म्हणून ह्या सदराला लिहायला बसलोय.

साठच्या दशकाची सुरुवात असेल. मी मुरबाडला एका सरकारी कचेरीत प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. काम सोपं. जीपला जनरेटरची गाडी जोडायची, गावात जायचं, दोन बांबूंना पडदा बांधायचा आणि शेतीच्या, आरोग्याच्या फिल्म दाखवायच्या. जीपचे ड्रायव्हर गफूरभाई मूळचे भिवंडीचे, बोलायला मोकळे. पण संध्याकाळी तेही आपल्या बिऱ्हाडी जायचे. मी बाजारपेठेत एका खोलीत एकटा राहायचो, खानावळीत जेवायचो. रविवारी तर दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही.

मला बायको होती हे मुरबाडात कुणालाच माहीत नव्हतं. कुसुम. मी पुण्याला ट्रेनिंगला असताना तिकडे गावी, सांगलीकडे, विषमज्वरानं गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मी ही लांबची नेमणूक मागून घेतली आणि लोकांनी मला सडाफटिंग समजलं, ते तसंच राहू दिलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास प्रोजेक्टरचा दिवा गेला. हा दिवा म्हणजे घरातल्या बल्बसारखा नव्हे. केवढा तरी प्रखर, आणि तितकाच नाजूक. परदेशातून यायचा, आणि बाहेरचा माल येणं तेव्हा जवळजवळ बंद झालेलं. ठाण्याला लिहिलं, उत्तर नाही. शहापूरच्या कचेरीत विचारलं तर त्यांचाच शेवटच्या घटका मोजत होता. खेळ बंद पडले. वैशाखरे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथं खेळ करायचा कधीचा ठरलेला, तोही राहिला. त्या वाडीत मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. हे नीट लक्षात ठेवा.

शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हीच मुंबईला जाऊन बघा." म्हसा गावची मोठी जत्रा तोंडावर आली होती, साहेब जीप घेऊन बंदोबस्ताच्या मीटिंगला दोन दिवस ठाण्याला गेलेले. मी प्रोजेक्टर फिल्मच्या डब्यांसोबत कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि कल्याणची एस्टी पकडली.

लोहार चाळीत दुकानामागून दुकान पालथं घातलं. "माल नाही." "पुढच्या महिन्यात बघा." एकानं दाखवला तो आमच्या मशीनला बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे जत्रेच्या आदल्या दिवशी, एका जिन्याखाली यंत्रं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे मोडीत आलेल्या एका प्रोजेक्टरमधला दिवा होता, फारसा न वापरलेला.

"लावून दाखवतो, थांबा," ते म्हणाले. हातातलं काम संपवून त्यांनी तो लावला तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. "हे बघा, दिवा जळून जात नाही, माणसं तो मारतात. आधी पंखा, मग दिवा. बंद करताना उलटं. दिवा आधी, आणि काच थंड होईस्तो पंखा चालू द्यायचा. गरम असताना मशीन हलवलंत की तार तुटलीच."

मग चहा मागवला आणि विचारलं, "घरी कोण कोण?"

"कुणी नाही," म्हटलं, आणि दिव्याकडं वळलो.

जत्रा संपल्यावर आम्ही त्या वाडीला निघालो. गफूरभाई, मी, जनरेटर आणि कापसात गुंडाळलेला दिवा. ऊन कलताना पोचलो. मी उतरलो तशी पोरं ओरडत आली, "मास्तर आला! मास्तर परत आला!"

गफूरभाई हसले. "काय मास्तर, इकडं पण ओळख?"

"दुसऱ्या कुणाला तरी समजतायत," मी म्हणालो.

एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. बुधीबाय तिचं नाव. वाडीत सगळ्यात वयस्कर तीच. तिनं मला निरखलं. "आलास रे बाबा? बरा केलास. जेवल्याबिगर जायचा नाय आज."

"आजी, मी पहिल्यांदाच येतोय."

"हां, हां," ती म्हणाली. लहान पोराचं ऐकून घ्यावं तसं.

तिचा मुलगा लहानू बांबू रोवायला आला. मी पडदा कुठं बांधायचा ते विचारायच्या आतच त्यानं आंब्याकडं बोट केलं. "तवा बांधला व्हता तितंच ना?"

"तेव्हा म्हणजे कधी?"

"म्हशाच्या जत्रेच्या आदल्या दिशी. तुमीच नाय का आलात, खांद्यावर खोका घेऊन? एकटंच. ही गाडी नव्हती, हा फटफट्या पन नव्हता." त्यानं जनरेटरकडं हात केला.

"मग दिवा कसा लागला?"

"ता तुमाला म्हाईत. आमाला काय कलतंय?"

गफूरभाईंचं हसू मावळलं. त्या दिवशी जीप ठाण्याला होती, ती त्यांनीच चालवली होती. मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या खात्याचा माणूस आला असेल. झालं. आणि कामाला लागलो.

अंधार पडल्यावर फिल्म सुरू केली. भाताची रोपं दोरी धरून ओळीत लावायची, त्याची. तिच्यात एका जागी एक शेतकरी चिखलात घसरून पडतो. दरवेळी लोक तिथं हसतात. त्या दिवशी लोक आधीच हसायला लागले. शेतकरी अजून बांधावरून चालत होता, आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, "आता पडतो बघ, आता पडतो..." आणि तो पडला.

त्या फिल्मची त्या भागात एकच प्रत होती, ती माझ्याकडं. कपाटात, त्याच कुलपात. मी गफूरभाईंकडं पाहिलं, ते जनरेटरजवळ उभे राहून पुटपुटत होते.

खेळ संपला. दिवा बंद केला, पंखा चालू ठेवला. लोक पांगले. काच निवेपर्यंत मला तिथंच बसावं लागतं, आणि खरं सांगायचं तर गावोगावी तो वेळ मला सगळ्यात जड जायचा. सगळे आपापल्या घरी, चुलींचा वास येतोय, आणि आपण एका घरघरणाऱ्या पेटीपाशी. त्या दिवशी मात्र बुधीबाय गेली नाही. माझ्याशेजारी भुईवर बसली.

थोड्या वेळानं म्हणाली, "आता झोप लागते का रे रातची?"

मी फिल्मचं रीळ डब्यात ठेवायला लागलो.

"त्या दिशी म्हनलास, लागत नाय. लय रडलास. हितंच बसून. कुसुम ना रे तिचा नाव?"

प्रोजेक्टरचा पंखा फिरत होता एवढंच मला आठवतं.

"पीठ मळताना गानी म्हनायची," बुधीबाय सांगत होती, मलाच, "नि कोन आला की गप व्हायची. तू दाराआड उभा ऱ्हाऊन ऐकायचास. बरोबर ना?"

बरोबर होतं. हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं नव्हतं. दाराआड मी उभा असतो हे कुसुमलाही माहीत नव्हतं.

मला वाटलं होतं, मी घाबरेन, उठून जीपकडं पळेन. तसं झालं नाही. मी म्हणालो, "नाही आजी. अजून लागत नाही झोप." आणि मग बोलतच राहिलो. स्टेशनवरून घरापर्यंत चालत कसा गेलो, दारात तिची चप्पल तशीच होती, सगळं. काच केव्हाच निवली होती. गफूरभाईंनी येऊन जनरेटर बंद केला आणि काही न विचारता तेही खाली बसले. नंतर आम्ही तिथं नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण जेवलो.

परतताना गफूरभाई एवढंच म्हणाले, "मास्तर, भाभीचं आम्हाला कधी बोलला नाय."

मी पुढं खूप चौकशी केली. त्या दिवसांत त्या बाजूला कुणाही ऑपरेटरचा दौरा नव्हता. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, दुसरी किल्ली नव्हती. आणि असती तरी आत प्रोजेक्टरला दिवाच नव्हता! मुंबईतून आणलेला तो दिवा पुढं बरेच महिने चालला, पण त्यात अमानवीय काही नाही. जपला की चालतो. झोप हळूहळू लागायला लागली. त्या वाडीत मी खेळ असो नसो, जात राहिलो.

पुढं माझी शहापूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बुधीबाय अंगणात वाल सोलत होती, नजर अधू झालेली. इतके दिवस जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. "आजी, तो पहिल्यांदा आलेला... अगदी माझ्यासारखाच होता?"

तिनं हात थांबवले, माझा चेहरा चाचपला.

"तुज्यासारकाच. पन तवाच्या तुज्यापरीस बरा दिसत व्हता. बोलला, रडला, पोटभर जेवला, नि गेला."

"कुठं गेला?"

"डोंगराच्या अंगाला. तिकडं वाट नाय रे. आमी हाका मारल्या, पन त्यानं मागं वळून नाय बघितला."

आता बुधीबाय नाही, गफूरभाईही नाहीत. मला एवढंच छातीठोकपणे सांगता येतं की त्या दिवेलागणीला मी मुंबईत एका जिन्याखाली बसून, घरी कुणी नाही असं एका म्हाताऱ्याला सांगत होतो. त्याच संध्याकाळी वाडीत आंब्याखाली बसून कोण रडत होतं, ते तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा. मला नाही आलं.