सोमवारची पट्टी

मावशी आधी कपडा नाकाला लावायची, मग इस्त्रीला घ्यायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. नव्या माणसाला ते किळसवाणं वाटायचं, जुन्याला सवय होती. महाडला हायवेवरून औद्योगिक वसाहतीकडे रस्ता वळतो, त्या वळणावर तिचं पत्र्याचं लॉन्ड्रीचं दुकान होतं. कारखान्यांतल्या निम्म्या साहेबांचे शर्ट तिच्याकडे यायचे. ती हुंगून सांगायची, "हा रंगाच्या कारखान्यातला. हा औषधाच्या. आणि ह्याचा मालक आठवडाभर रजेवर हाय बघ, नुसता माणसाचा वास येतोय."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या गटाची पत्रकं वाटत फिरायचे. धूर, वायू, दमा, शासन झोपले आहे काय, असली पत्रकं. मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं. मला ती 'पत्रकवाली' म्हणायची आणि उरलेला गठ्ठा हक्काने मागून घ्यायची, कपडे बांधायला. एकदा मी चिडले, तर म्हणाली, "अगो बाय, तू वाटतेस तेव्हा साहेब गाडीची काच वर करतो. माझ्याकडून शर्टासोबत घरात जातंय. बायको तरी वाचंल!" आमचं सगळ्यात चांगलं वितरण तिनेच केलं, हे मी आज कबूल करते.

पट्टीची गोष्ट एका भांडणातून सुरू झाली. एका मास्तरीणबाईंची पांढरी साडी दांडीवर वाळत होती, तिच्यावर पिवळे ठिपके पडले. बाई म्हणाल्या, तुझे हात घाणेरडे. मावशीने जुन्या धोतराची वीतभर पट्टी फाडली, स्वच्छ धुतली आणि दुकानामागच्या तारेवर टांगली. पुढच्या सोमवारी ती काढून बाईंच्या पुढ्यात धरली. पट्टी राखाडी झाली होती, वर पिवळी नक्षी. "हिला माझा हात लागला नाय बाई. नुसती हवा लागलीय."

तेव्हापासून दर सोमवारी जुनी पट्टी उतरायची, नवी चढायची. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात ती बिब्ब्याने खूण करायची, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर करतात तशी, ठिपके आणि रेघा. बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही. कुठला सोमवार कुठला, हे ती खुणेवरून सांगायची. बाकी कुणाला ती खूण वाचता येत नसे. थंडीतल्या पट्ट्या सगळ्यात काळ्या असायच्या. महाड डोंगरांच्या वाटीत बसलंय, थंडीत धूर वाटीतून बाहेरच पडत नाही.

त्या थंडीत तिचा खोकला सुरू झाला आणि थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुमच्या कोळशाच्या इस्त्रीने छाती खराब झालीय. मी खोटं लिहिणार नाही, कोळशाचाही वाटा असेलच. हायवेवरच्या ट्रकांचाही होता. पण कारखान्यांसकट तिघांनी मिळून गळा दाबायचा आणि पकडायचं ते तिच्या चार निखाऱ्यांना, हा कुठला न्याय? ती बिचारी विजेची इस्त्री घेऊन बसली. लाइट जायची तेव्हा हातावर हात ठेवून. दोन महिने झाले, खोकला तिथेच.

मग एक दिवस तिने एक शर्ट नाकाशी धरला, पुन्हा धरला आणि माझ्यापुढे केला. "कसला वास येतोय गो?" मला वाटलं परीक्षा घेतेय. मी म्हटलं, सडक्या अंड्याचा. तिने शर्ट खाली ठेवला. "मला नाय येत. चारपाच दिवस झाले, कायच नाय येत. भातसुद्धा करपला तर कळत नाय."

त्याच सुमारास वसाहतीतल्या एका कारखान्याने वाढीव युनिटची परवानगी मागितली. नवी चिमणी मावशीच्या दुकानामागेच उभी राहणार होती. जनसुनावणी ठरली. आमच्याकडे घोषणा होत्या, पुरावा नव्हता. मोजमापाची यंत्रं ज्यांच्याकडे होती, ते आकडे दाखवत नव्हते. मी धावत मावशीकडे गेले. "मावशी, वर्षभराच्या सगळ्या पट्ट्या घेऊन ये. सुनावणीच्या साहेबांपुढे ठेवायच्या."

"सगळ्या?" तिने विचारलं. "वेळ लागंल."

मी म्हटलं, दोन दिवस आहेत. वेळ कशाला लागेल, हे मी विचारलं नाही. पत्रकात मी पंधरा मुद्दे लिहिले होते. एवढा एक प्रश्न विचारायचा राहिला.

सुनावणीला ती नवं लुगडं नेसून आली. हातात गठ्ठा, आमच्याच पत्रकात बांधलेला, वर दोरा. माझ्या कानाशी म्हणाली, "साहेबाचा शर्ट बघ. कालच रेस्टहाऊसवरून आलेला, मीच केला." तिचं नाव पुकारलं गेलं. तिने पुढे जाऊन गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेबांनी दोरा सोडला.

सगळ्या पट्ट्या धुतलेल्या होत्या. नीळ दिलेली, खळ केलेली, कडक इस्त्रीची, घडीवर घडी. दोनतीन पट्ट्यांना भोकं पडली होती, ती रफू केली होती.

"बाई, ह्या तर पांढऱ्याशुभ्र आहेत," साहेब म्हणाले. कारखान्याचा माणूस उठला. "नोंद घ्या साहेब, महाडची हवा किती स्वच्छ आहे!" मंडप हसला. आमच्या बाजूचेही दोघंतिघं हसले, ते मी विसरलेले नाही.

मावशीला हसण्याचं कारण कळेना. "घाण होती साहेब. मी घासून काढली. दोन दिवस हात सोलले."

"मग गेली ना? तक्रार कसली?"

"कापडातली गेली," ती म्हणाली. "छातीतली कशी काढू ते सांगा." आणि तिला उबळ आली. ती टेबलाची कड धरून खोकत राहिली. साहेब पाण्याचा ग्लास सरकवून पुढचं नाव पुकारायला लागले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. भर रस्त्यात. "धुतल्यास कशाला? वर्षाचं वाटोळं केलंस!" ती घाबरून बघत होती. "अगो, मळका कपडा साहेबापुढं ठेवायचा? माझ्या हातानं? चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला मळका कपडा दिला नाय मी." मी तिच्या हातातून गठ्ठा घेतला आणि निघून गेले. तिला रिक्षासुद्धा करून दिली नाही.

परवानगी मिळाली. चिमणी झाली. वर्षाच्या आत मावशीला दुकानाची पायरी चढवेना. हातात सदा तोंडात मारायचा पंप, बोलताना तीन शब्दांनंतर थांबा. भाऊ तिला माहेरी घेऊन गेला, पोलादपूरकडच्या कापडे गावाला. पोलादपूरची एसटी लागली होती, मी पोहोचवायला गेले होते. मला माफी मागायची होती. तीच म्हणाली, "तुझी पत्रकं... दुकानात राहिलीत... घेऊन जा."

कापड्याला मी एकदाच गेले. भाताच्या खाचरांकडे तोंड करून ती पडवीत बसली होती, भिंतीला टेकून, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. हवा एवढी स्वच्छ की मला राग आला. आता काय उपयोग? तिने उशीखालून एक पट्टी काढली. बिब्ब्याची खूण केलेली.

"इथं टांगली होती... महिनाभर." थांबली. "ही धुतली नाय हां. आईशप्पथ. अशीच हाय. आता दाव... साहेबाला."

पट्टी पांढरी होती. महिनाभर उघड्यावर राहून पांढरी. मी ती घेतली आणि म्हटलं, दाखवते. सुनावणी केव्हाच संपली होती, साहेबांची बदली झाली होती. हे तिला सांगितलं नाही. भात कापणीला आलं तेव्हा ती गेली.

सगळ्या पट्ट्या माझ्या ट्रंकेत आहेत. अजूनही कुठे सभा असली की मी त्या काढते. प्रत्येकीने वर्षातला एकेक आठवडा महाडचा धूर खाल्लाय, एकीने मात्र महिनाभर कापड्याची हवा. लोक उलटसुलट करून बघतात. कुठली कुठली ते कुणालाच ओळखता येत नाही, खुणा वाचणारी राहिली नाही. सुरुवातीला मी मावशीसारखी नाकाला लावून ओळखायचे. बाकीच्यांना खळीचा वास यायचा, त्या एकीला पेंढ्याचा.

आता सगळ्यांना माझ्या ट्रंकेचाच वास येतो.