हातोडीचे तीन ठोके

शाळेतली शिपाई मावशी सगळ्यांना ‘तोफमावशी’ म्हणूनच ठाऊक. झाडलोट, पाणी, घंटा ही कामं होतीच, पण तिचा जीव अडकला होता शाळेच्या लांबट, टोकदार तोफगोळ्यात. कुठल्याशा जुन्या लढाईतला, कुणा बड्या असामीने शाळेला दिलेला. दर शनिवारी राख घेऊन ती तो घासायची. एकोणीस वर्षांत वरचा रंग, अक्षरं, सगळं गेलं आणि त्यात चक्क तोंड दिसायला लागलं. सून म्हणायची, “सासूबाई, माझ्या भांड्यांना कधी असा हात लावला नाहीत!”

शाळेचा रिवाज असा, की संचलनाच्या दिवशी पाहुण्यांनी गोळ्यावर छोट्या हातोडीने तीन ठोके मारायचे, मग कवायत सुरू. यंदा कवायतीच्या मास्तरांना भलतीच खुमखुमी आली. मागच्या वर्षी म्हणे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही! झालं, लोहाराकडून दोन किलोची हातोडी आली. मास्तर सैन्यात कधीच नव्हते, पण गळ्यात शिट्टी पडली की त्यांच्या अंगात सेनापती संचारायचा. “सावधान म्हटल्यावर नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. सैनिक हलतो का?” हे त्यांचं रोजचं पालुपद.

त्या सकाळी मावशीने नेहमीसारखा गोळा कडेवर घेऊन मैदानात आणला आणि स्टुलावर ठेवला. पहिल्या रांगेत, हाताच्या अंतरावर, तिची नात उभी होती. नातीचं संचलन बघायला मावशीचा धाकटा भाऊ आला होता. त्याची सगळी नोकरी सैन्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात गेलेली. बहिणीशी बोलायला तो जवळ आला, त्याची नजर गोळ्यावर गेली आणि तो वाकून त्याचं टोक निरखू लागला.

“ताई, हा रिकामा केलेलाच नाही.”

“काहीतरीच काय बोलतोस?”

“ठोका बसला की पेटते ती टोकाची टोपी अजून जागेवर आहे. आत दारू आहे. हात लावू नका कुणी. आधी पोरांना हलव!”

मावशीला आठवलं, एकदा तर तो गोळा तिच्या हातून पायरीवर आपटला होता! ती मास्तरांकडे धावली. पण ढोल आणि बिगूल असे काही कडाडत होते, की तिचं ओरडणं तिलाच ऐकू येईना. मास्तरांनी डोळे वटारून तिला मागे ढकललं. ती तशीच वळली आणि नातीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “पळ बाळा, सगळ्यांना घेऊन पळ!”

नात हलली नाही. शेजारचीही नाही. माना ताठ, नजर समोर.

ढोल थांबले. पाहुण्यांनी बाह्या सरसावल्या आणि हातोडी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली.

मावशीने गोळा उचलून छातीशी धरला. “ताई, नको!” भाऊ ओरडला. पाहुण्यांचे हात वरच राहिले.

“मावशी! ठेवा तो खाली! देशाचा अपमान करताय!” मास्तर गरजले.

ती थांबली नाही. धावताही येईना, पाय घसरला तर? पोरांच्या रांगांमधून एकेक पाऊल टाकत ती निघाली. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसणार कशी? शाळेमागे लांब उडीचा वाळूचा खड्डा होता. त्यात तिने गोळा हळूच आडवा ठेवला आणि मागे सरली. हात अगदी स्थिर होते.

तोवर भावाने मास्तरांचा दंड धरून त्यांना खरं काय ते ऐकवलं होतं. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि पोरांना फाटकाबाहेर काढलं. दुपारी सैन्याच्या लोकांनी तो गोळा दूर खाणीत नेऊन उडवला. गावभर खिडक्यांच्या काचा खडखडल्या.

संध्याकाळी मावशीने नातीला जवळ घेतलं. “मी पळ म्हटलं, ते ऐकू नाही आलं का गं तुला?”

“आलं की.”

“मग?”

“सरांनी सावधान म्हटलं होतं ना!” पोरगी ताठ उभी राहिली. “आजी, मी पापणीसुद्धा हलवली नाही. बघितलंस ना तू?”

मावशीचे हात तेव्हा कापायला लागले.