नवरंगाचा निळा

खिडकीच्या गजांतून आलेले उन्हाचे पट्टे, उताणा निजलेला दादा, आणि त्याच्या छातीवर शेजारी शेजारी ठेवलेली दोन पुस्तकं — एक जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचं, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेलं, दुसरं करडं, शाळेच्या वहीएवढं — आणि त्याच्या श्वासाबरोबर दोन्हीही हळूच वर होताहेत, हळूच खाली येताहेत... रत्नागिरीतल्या त्या दिवसांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम हेच उभं राहतं. त्यामागून मग वास येतात. माजघरात अढीला घातलेल्या हापूसचा, अंगणात तट्ट्यावर वाळणाऱ्या आमसुलांचा, आणि या साऱ्यांच्या तळाशी दादाच्या खोलीतला तो प्लास्टरचा आणि औषधाचा कोंदट वास.

दादा चौदा वर्षांचा होता, मी अकराची. त्याच्या कमरेच्या हाडाला व्याधी जडली होती. डॉक्टरांनी कमरेपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून त्याला सपाट निजवून ठेवलं होतं, आणि ते त्याचं दुसरं वर्ष होतं. खिडकीतून त्याला दिसायचा परसाच्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आणि त्यावर आभाळाचा एक तुकडा. गडग्यापलीकडचे काजू, करवंदीच्या जाळ्या, त्यांच्याखालचा पाचोळा यांतलं काही त्याच्या वाट्याला येत नसे. माझ्या मात्र पायांना भिंगरी! पाच मिनिटं एका जागी बसणं म्हणजे मला शिक्षा वाटे. त्यामुळे आमच्यात आपोआप एक वाटणी होऊन गेली होती — पाहायचं मी, आणि ओळखायचं त्यानं. मी धावत जाऊन पक्षी पाहायची, धावत येऊन सांगायची, तो प्रश्न विचारायचा, मी चिडून पुन्हा धावायची. "शेपटी कशी होती?" "मी शेपटी नाही पाहिली." "मग काय पाहिलंस, यमू, डोकं?" असं आमचं दिवसभर चालायचं.

त्याला एका पक्ष्याचा ध्यास लागला होता. वैशाख सरत आला की गडग्यामागून, अगदी उजाडताना आणि पुन्हा दिवेलागणीला, दोन सुरांची एक शीळ यायची — पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली घसरणारा. आदल्या वर्षी त्यानं ती महिनाभर ऐकली होती. मी गडग्याशी पोचले की ती गप्प, मी परतले की पुन्हा सुरू. आई म्हणे, "आहे कसलंसं पाखरू." पण दादाला 'कसलंसं' चालत नसे. अंथरुणावर खिळलेल्या माणसाला नाव हवं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला आपला राग यायचा.

त्याच्यासाठी मुंबईच्या काकांनी पक्ष्यांची ही दोन इंग्रजी पुस्तकं पाठवली होती. जुन्या पुस्तकांचा एक दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं होतं, दोन्ही पाहा, एक ठेवा, दुसरं हंगामातल्या शेवटच्या बोटीनं परत करा. पावसाळ्याचे तीन-चार महिने आमच्या बंदराला बोट लागत नसे, म्हणून 'शेवटची बोट' या शब्दाला आमच्याकडे फार वजन होतं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, दोन्ही पुस्तकं चाळली आणि कचेरीत जाताना मला म्हणाले, "पाय तुझे आहेत, तेव्हा निवड तू कर." एवढी मोठी गोष्ट मला आजवर कुणी सोपवली नव्हती. मी फुगले.

हिरव्या पुस्तकात रंगीत चित्रं होती, प्रत्येकावर झिरझिरीत पातळ कागद. तो उचलताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा आवाज व्हायचा. करड्यात नुसती काळ्या शाईची रेखाटनं आणि मजकूर. दादा तासन् तास हिरवंच पाहायचा. मी अस्वस्थ. बोट जायला सहा दिवस, मग पाच, मग चार... कुठलं चांगलं हे ठरवायचं तरी कसं?

शेवटी मी बंदरावर हसनमामाला गाठलं. उतारूंना मचव्यातून बोटीपर्यंत नेणारा हा म्हातारा आमच्या घरोब्यातला होता.

"काय गो बायो, तोंड असा का केलंस?"

मी सगळं सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "जो पक्षी तुला ठावक हाय, तो आदी काढ. तितं बुक खोटा बोलला तर नाय ठावक त्याचा काय खरा सांगणार?"

मी तशीच घरी पळाले. मला इंग्रजी येत नव्हतं. दादाकडून दोन्ही पुस्तकांतली तांबड्या घारीची माहिती मराठीत लिहून घेतली आणि हिरवं पुस्तक काखेत मारून पुन्हा बंदरावर. डोकं पांढरं, अंग तांबूस अशी ती घार आमच्या डोक्यावर रोजच फिरायची. हसनमामानं चित्र लांब धरून पाहिलं. घारीमागे बर्फाचे डोंगर काढले होते.

"ह्या मागं काय? मिठागर?"

"बर्फ आहे मामा."

"मंग ही आमची न्हवं." आणि करड्या पुस्तकातलं मी वाचून दाखवलं — ही घार बंदरात गलबतांभोवती घिरट्या घालते, टाकलेलं उष्टं पाण्यावरून अलगद उचलते, मांजरीच्या पिलासारखं कुरकुरते — तेव्हा त्याचे हात थांबले. "ह्या लिवणारा बाबा बंदरात उबा ऱ्हायलाय गो," तो म्हणाला. माझं ठरलं, करडं ठेवायचं.

मी घरी येऊन दादाला ते सांगितलं. हिरव्या पुस्तकात एका पानाशी बोट घालून तो पडून होता. "दोन दिवस ठेव ना," एवढंच म्हणाला. पण वारा उठला होता, बोट एक दिवस अलीकडेच सुटणार अशी आवई होती, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा डोळा लागल्यावर मी त्याचं बोट पानांतून हळूच सोडवलं, पुस्तक फडक्यात बांधलं आणि हसनमामाच्या मचव्यातून मुंबईला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती दिलं. जागा झाल्यावर दादा म्हणाला, "बरं केलंस." मला ते खरंच वाटलं.

आणि आठवड्याभरात तो पक्षी दिसला! मी गडग्याआड पोटावर पडून, मुंग्या चावत असताना, आयुष्यात प्रथमच अर्धा तास निश्चल राहिले. साळुंकीएवढा, आखूड शेपटीचा, पाचोळ्यात टुणटुण उड्या मारणारा. पाठ हिरवी, डोळ्यांवरून काळी पट्टी, अंग हळदुलं, पोटाखाली लाल, आणि पंख उघडला तेव्हा निळा... मी ओरडतच आत गेले. दादानं करडं पुस्तक उघडलं, प्रश्न विचारले, पानं उलटली आणि एका जागी थांबला. सगळं जुळलं. "पिट्टा," तो म्हणाला. नवरंग हे त्याचं मराठी नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही दोघं इतके हसलो की आई बघायला आली.

मग त्यानं विचारलं, "यमू, निळा म्हणजे कुठला निळा?"

"निळा म्हणजे निळा!"

"आभाळाचा? समुद्राचा? आईच्या लुगड्याचा?"

मी चिडले. तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "हिरव्या पुस्तकात होता गं तो. त्या कागदाखाली. तेव्हा मला काय ठाऊक, हाच तो!"

पुस्तक मी माझ्या पायांसाठी निवडलं होतं. ज्याला बाहेर जाता येतं त्याला खुणा पुरतात; दादाला तो पक्षी कधीच दिसणार नव्हता, त्याला चित्र हवं होतं. अण्णांनी खुष्कीच्या टपालानं काकांना पत्र घातलं, ते पुस्तक परत मिळेल का म्हणून. उत्तर आलं, ते पुस्तक विकलं गेलं.

दादानं मग करड्या पुस्तकातल्या त्या रेखाटनात स्वतःच रंग भरायला घेतले. हळद, कुंकू, काजळ, पानांचा चुरडून काढलेला रस मी त्याला आणून दिला. निळ्याकरता धुण्याची नीळ आणली. त्यानं बोटानं पंखावर एक ठिपका लावला आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. "हाच का? नीट बघून सांग."

बाहेर शीळ ऐकू येत होती आणि माझे पाय दाराकडे वळले होते. "हो, हाच," मी म्हटलं, आणि पळाले.

भाद्रपदात दादाला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. पहिली बोट बंदराला लागली तेव्हा त्याची खोली धुऊन रिकामी केलेली होती.

ते करडं पुस्तक माझ्याजवळ आहे. हळद कधीच उडाली, कुंकवाचा तपकिरी डाग झाला, हिरवा वाळक्या गवताचा झाला. नीळ मात्र काल लावल्यासारखी ठसठशीत आहे. पुढे मी तो पक्षी कितीदा तरी पाहिला. आता गुडघे धरून चालते, तरी वैशाखअखेर शीळ आली की गडग्याशी जाते आणि तो पंख उघडेपर्यंत उभी राहते. उजळ, चकाकता निळा असतो तो. निळीचा नाही, त्याच्या जवळपासचाही नाही. आणि दर वेळी, 'दादा, हा नव्हे रे,' असं सांगायला मी घाईघाईनं घराकडे वळते.