मधात वाकलेली रेघ

नांदेडजवळ गोदावरीच्या बंधाऱ्यावरून काढलेला माझा फोटो वाईड लेन्सनं पार बिघडवला होता. पाण्यापलीकडची क्षितिजाची रेघ टरबुजाच्या पाठीसारखी फुगली होती. दुपारभर कॉम्प्युटरवर बसून ती सरळ केली, मोठा प्रिंट काढला आणि अर्धापूरला घरी जाऊन वडिलांपुढं धरला.

त्यांनी मान तिरकी केली. "पाणी छान हाय, पण रेघ मधात वाकलीय."

माझं डोकंच फिरलं. जन्मात कॅमेरा हातात न धरलेला माणूस मला चुका दाखवून राहिला! भावाच्या पोरीच्या दप्तरातली फूटपट्टी आणली आणि क्षितिजावर ठेवली. तसूभरही फरक नव्हता.

"आता बघा!" मी ओरडलोच.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पट्टीबी वाकलीय की."

मी पट्टी सोडून त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. त्यांना दारात नेलं, समोरचा ताठ उभा असलेला विजेचा खांब दाखवला आणि विचारलं, "हा कसा दिसतो?"

"तो तर लई दिवसांपासून वाकलाय," ते म्हणाले. "म्हणून तर पोरीला तिथं खेळू देत न्हाई मी."