बाबांची रेकॉर्ड आणि शहाडचं दुकान

माझ्या वडिलांचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि तो ऐकायची मला भीती वाटायची.

बाबा कारखान्यात फिटर होते आणि भीमगीतांच्या एका पार्टीत बेंजो वाजवायचे. गायचे नाहीत. त्यांच्या पार्टीची एक छोटी रेकॉर्ड निघालेली, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. त्यातल्या एका गाण्यात मध्येच आपण काहीतरी बोललोय, असं ते सांगायचे. "चुकून तोंडातून गेलं. कंपनीवाल्यांनी तसंच ठेवून दिलं." काय बोललात, असं विचारलं की हसायचे. "ऐक की कधीतरी."

ऐकणार कशावर? आमच्याकडे प्लेअर कधीच नव्हता. चाळीत एकांकडे होता. जयंतीला तो मंडपात न्यायचे, कर्ण्याला जोडायचे आणि ही रेकॉर्ड सकाळपासून वाजत राहायची. मी इतका लहान होतो की मला त्यातल्या निळ्या पताका आठवतात, गाणं नाही. पुढे पार्टी फुटली. आम्ही कोपरला फ्लॅटमध्ये आलो. मोबाईलमध्ये आवाज धरून ठेवायची सोय घरोघरी यायच्या आधीच बाबा गेले. रेकॉर्ड आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीत राहिली.

ती वाजवावी असं मनात यायचं आणि त्यामागोमाग दहा शंका यायच्या. आधीच मंडपात झिजलेली. सुई खराब असली तर उरलंसुरलंही खरवडून निघेल. हातातून सुटली तर? उन्हाने वाकडी झाली असेल तर? दर उन्हाळ्यात मी कपाट उघडून ती सपाट आहे ना ते बघायचो आणि परत ठेवायचो. बायको म्हणायची, "अरे, वाजवायची नसेल तर ठेवलीस कशाला?" मी कपाट लावून घ्यायचो.

शहाडला एका ओळखीच्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलेलो, तेव्हा ते दुकान दिसलं. स्टेशनपासून नदीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबट गाळा. आत भिंतीभर रॅक आणि रॅकमध्ये उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. मधे टेबलावर प्लेअर, आणि त्यामागे चष्मा गळ्यात अडकवलेल्या, साठी उलटलेल्या एक बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळेच त्यांना बाई म्हणत. त्यांच्या यजमानांनी जन्मभर रेकॉर्डी जमवलेल्या. ते गेल्यावर मुलांनी सुचवलं की भंगारवाल्याला बोलवू. बाईंनी त्याऐवजी हा गाळा घेतला. भाडं सुटलं तरी खूप, असं त्या म्हणायच्या, पण दुकान एकही दिवस बंद ठेवायच्या नाहीत.

मी पहिल्यांदा एक रेकॉर्ड उचलली तशा त्या ओरडल्या, "अहो, अशी नाही धरायची! कडेने धरा. बोट खाचांवर लागलं की तेलकट होते ती."

मी घाबरून परत ठेवली. त्यांनी तीच मला परत काढायला लावली, प्लेअरवर ठेवायला लावली आणि सुई टेकवायला सांगितली. माझ्या हातून सुई घसरत गेली आणि एक मोठा खर्र आवाज आला. बाई म्हणाल्या, "काही नाही होत. परत टेकवा."

मी रेकॉर्डी गोळा करायला लागलो तो असा. गाण्यांच्या प्रेमाने म्हणायला मला आवडेल, पण सुरुवात भीतीने झाली. बाबांच्या रेकॉर्डवर शिकायचं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या घेतल्या. कोणाच्या तरी शास्त्रीय गायनाच्या, कुठल्या तरी बँड पथकाच्या, एक तर चक्क व्यायामाच्या सूचनांची. जुना प्लेअरही बाईंनीच मिळवून दिला. घरी दार लावून मी सुई उचलायचो, टेकवायचो. हळूहळू हात बसला. आणि कधीतरी माझ्याही नकळत मी सुई विसरून गाणं ऐकायला लागलो.

रविवारी दुकानात तीच ती माणसं यायची. उल्हासनगरचे रेल्वेतले एक निवृत्त गार्ड यायचे, एकच रेकॉर्ड वेगवेगळ्या प्रतींमध्ये ऐकून कुठली कमी खरखरते ते ठरवायचे. एक कॉलेजातली मुलगी यायची, केस एका बाजूने बारीक कापलेली, तिला फक्त परदेशी नवे बँड हवे असायचे. ती मला काका म्हणायची. बाईंचा नियम होता, ऐकल्याशिवाय कोणी काही घ्यायचं नाही. त्यामुळे एकाने मागितलेलं सगळ्यांना ऐकावं लागायचं. गार्डकाकांनी तिच्या बँडची गाणी डोळे मिटून ऐकलेली मी पाहिली आहेत. "गोंगाट आहे, पण ड्रमवाला चांगला," असं ते म्हणालेले.

शेवटी बाईंनाच मी बाबांच्या रेकॉर्डबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेऊन या. मी धुऊन देते, आणि कॉम्प्युटरवर उतरवूनही देते. मग फोनमध्ये ठेवा नि हवं तेवढं ऐका." नेऊ की नको करत मी कित्येक आठवडे काढले. मग एका पावसाळी सकाळी दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून, त्यावर प्लास्टिक गुंडाळून ती स्कूटरच्या डिकीत ठेवली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या पाठीत बसत होता. बाईंनी ती उजेडात धरून बघितली. "ओरखडे बरेच आहेत. पण बोलेल ही," म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"त्या बाईंना नीट सांगितलंस ना, एकच आहे म्हणून?"

सांगितलेलं. तरी मला वाटायला लागलं की पुरेसं सांगितलं नाही.

पाऊस थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला ऑफिसात असताना सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज फिरायला लागला. धरणातून पाणी सोडलंय, उल्हास नदी धोक्याच्या पातळीवर चालली आहे, नदीकाठच्यांनी सावध राहावं. मी बाईंना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग साहेबांना काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण मी स्कूटर काढून निघालेलो.

शहाडच्या पुलाच्या अलीकडे गाड्या अडवलेल्या. स्कूटर एका दुकानासमोर लावली आणि चालत सुटलो. उतारावर पाणी दुकानाच्या पायरीला लागलं होतं. गढूळ, चहासारखं, आणि त्यात थर्माकोलचे तुकडे गोल फिरत होते. गार्डकाका आणि ती मुलगी आधीच आलेले. वरच्या मजल्यावर शिवणक्लास होता. क्लासवाल्या ताईंनी मशिनी भिंतीला सारून जागा करून दिलेली आणि बाईंसकट हे तिघं रेकॉर्डी कवटाळून जिने चढत होते.

मी दारातूनच ओरडलो, "बाई, माझी कुठंय?"

बाई थांबल्या. "तुमची... धुवायला काढलेली. आतल्या खोलीत असेल, मोरीपाशी. की वर नेलीये? आठवत नाहीये हो मला. आधी हे उचला."

उचललं. दुसरं काय करणार? कोणाकोणाची लग्नातली सनई, कोणाच्या भजनांच्या, नाटकातल्या गाण्यांच्या रेकॉर्डी छातीशी धरून मी जिना चढत होतो आणि प्रत्येक खेपेला माझं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे. रेकॉर्डी किती जड असतात ते उभ्या रॅकमध्ये कळत नाही. आतल्या खोलीत जाऊन बघायला एक मिनिट लागलं असतं. तेवढ्यात पाणी उंबरा ओलांडून आत आलं. ते येताना दिसलंच नाही. आधी पाय थंड झाले, मग कळलं. आतली खोली दोन पायऱ्या खाली होती. बघता बघता तिथे गुडघ्याएवढं झालं.

मी तिकडे वळलो. मुलगी मागून किंचाळली, "काका, आत नका जाऊ! बोर्ड खाली आहे, करंट असेल!"

लाइट गेलेली होती, पण मेन स्विच कोणी बंद केलाय का, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. आत अंधारात पाण्यावर एक प्लास्टिकचा टब हेलकावे खात होता. पाऊल उचलावं की नको, हे ठरवता ठरवता गार्डकाकांनी माझी कॉलर धरली आणि मला जिन्याकडे ओढलं.

वरच्या खिडकीतून आम्ही बघत राहिलो. मी घरी फोन केला. "आई, रेकॉर्ड खाली राहिली."

"तू पाण्याच्या बाहेर आहेस ना?"

"हो."

"मग झालं तर," आई म्हणाली. "त्या बाईंना काही बोलू नकोस. त्यांचं तर सगळंच गेलं असेल."

बाई शिवणमशिनीच्या स्टुलावर बसून खाली बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्या मनात जे येत होतं ते बोलण्यासारखं नव्हतंच.

पाणी ओसरल्यावर गाळ्यात गुडघ्यापर्यंत चिखल होता. खालच्या रॅकमधल्या रेकॉर्डींची कव्हरं भिजून लगदा झालेली. आतल्या खोलीत मोरीच्या कोपऱ्यात, उलट्या पडलेल्या टबाखाली काही छोट्या रेकॉर्डी चिकटून बसलेल्या. मी त्या सोडवल्या. मधली कागदी लेबलं बोटांना लागून निघून आली. कुठली कोणाची ते कळायला मार्ग राहिला नाही. मी तिथेच चिखलात बसलो.

बाई म्हणाल्या, "अहो, उठा. पाण्याने कागद जातो, रेकॉर्ड नाही जात. चिखल सुकायच्या आत धुवायला हव्यात. माझ्या घरी चला."

बाईंचं घर जवळच, उंचावरच्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. टेम्पोने सगळ्या ओल्या रेकॉर्डी तिथे नेल्या. गार्डकाकांनी गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आणले, कारण नळाच्या पाण्याचे डाग राहतात म्हणे. त्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून आम्ही मऊ फडक्याने एकेक रेकॉर्ड गोलाकार पुसत होतो. वाळवायला बाईंचा भांड्यांचा स्टँड, मग शेजारच्यांचा, मग त्यांच्या शेजारच्यांचा. ताटांच्या जागी काळ्या तबकड्या उभ्या. कॉलनीतल्या बायका बघायला आल्या आणि फडकी घेऊन बसल्या. मी मात्र त्या बिनलेबलच्या छोट्या रेकॉर्डींपासून हललो नाही. त्यात बाबांची असेलच असंही नव्हतं.

त्या वाळल्या तसं बाईंनी विचारलं, "लावायची?"

"आई येऊ दे," मी म्हणालो.

आईला बायको रिक्षाने घेऊन आली. आईने आधी सगळ्यांची विचारपूस केली, बाईंचा हात हातात घेतला, चहा प्यायली. मी बाईंच्या घरच्या प्लेअरपाशी जाऊन उभा राहिलो. पहिली रेकॉर्ड लावली, त्यात लहान मुलांची गाणी निघाली. दुसरीत नुसतीच खरखर, पुढे काहीच नाही. तिसरीची सुई मला टेकवायला सांगितली. मी नाही म्हणालो, मग टेकवली.

आधी चिखलासारखाच आवाज. मग त्याच्या आतून ढोलकी. मग बेंजो, अगदी पुढे, तार ताणून. आई ताठ बसली. "हीच," ती म्हणाली.

गाणं चालू होतं. मला शब्द कळत नव्हते, कारण मी शब्द ऐकतच नव्हतो. सुई दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा वाटलं की तोच तुकडा गेला. मग शेवटच्या कडव्याच्या आधी बेंजो थांबला, आणि कोणीतरी अगदी जवळून, बोलता बोलता सहज म्हणावं तसं म्हणालं, "घ्या."

कोरसने गाणं उचललं.

एवढंच होतं. मी आईकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावलेला, पण ती हसत होती. "मला वाढताना पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "रविवारी मटण ते करायचे ना. ताट पुढे सरकवायचे नि म्हणायचे, घ्या. बायकोला कोण घ्या म्हणतं? चाळीतल्या बायका हसायच्या मला."

हे मला माहीतच नव्हतं. बाबांचा आवाजही मला वाटत होता तसा नव्हता, जरा बारीक होता, तरण्या माणसाचा. ते तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

बाईंनी ते गाणं त्याच दिवशी उतरवून दिलं. मी ते माझ्या, बायकोच्या आणि त्या मुलीच्याही फोनमध्ये पाठवून ठेवलं. "काका, टेन्शन नका घेऊ, माझ्याकडे सेफ आहे," ती म्हणाली.

दुकान बंद होणार असं आम्ही धरून चाललेलो. बाईंच्या मुलाने तसं त्यांना सांगितलंही. पण शिवणक्लासच्या ताईंनी अर्धी खोली देऊ केली, आणि बाईंनी हो म्हटलं. आता एका बाजूला मशिनी टकटकतात आणि दुसऱ्या बाजूला आम्ही कान देऊन बसतो. कव्हरं गेलेल्या रेकॉर्डींना क्लासच्या मुलींनी ब्लाउज बेतायच्या खाकी कागदाची पाकिटं करून दिली. त्यांच्यातल्या दोघी आता रेकॉर्डी मागून लावून घेतात.

पहिल्या रविवारी मी वर गेलो, ठासून भरलेले रॅक बघितले आणि खाली जमिनीकडे बघितलं. इमारत जुनी. एवढं वजन आता स्लॅबवर. बाईंना म्हणालो, "बाई, हे पेलेल ना?"

त्या हसायला लागल्या. पण दुसऱ्या रविवारी गार्डकाका ओळखीच्या एका इंजिनिअरला घेऊन आले. इंजिनिअरने ठोकून, वाकून, बाहेरून बघून घेतलं आणि मधले दोन रॅक बीमच्या बाजूला सरकवायला सांगितले. आम्ही सगळ्यांनी मिळून सरकवले.