दूध मतलब दूध

आमच्या ज्यू शाळेत ज्यू किती होते, असं कोणी विचारलं की मी हात वर करते. मी. संपली यादी.

सदरमध्ये कॅन्टोन्मेंटच्या अंगाला ती दगडी इमारत होती. फाटकावर सहा कोनांचा लोखंडी तारा आणि खाली इंग्रजीत ज्यूइश हायस्कूल. ऑटोवाले विचारायचे, "ज़ू वाला स्कूल ना दीदी?" त्यांना वाटायचं आत चिडियाघर आहे. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. आत जाऊन आलेल्या माणसाला त्यात फार चूक वाटली नसती.

इंग्रजांच्या काळात फौजेला सामान पुरवणाऱ्या एका बगदादी ज्यू ठेकेदाराने ती शाळा काढली. त्याची पोरंबाळं केव्हाच परदेशात गेली. मागे राहिला एक ट्रस्ट आणि नियमांचा एक भलामोठा फळा. शिकणारे सगळे हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, थोडे शीख. शिकवणारेही तेच. आणि मी. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी जबलपूरला आलो ते इथलेच झालो. पप्पा रेल्वेगाडी चालवायचे, आई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. शहरात आमच्यातलं दुसरं घर नव्हतं. पप्पांना वाटलं, आपली म्हणून एक शाळा आहे तर पोरीने तिथेच जावं. आपली म्हणे.

फळ्यावरचा एकही नियम कशासाठी आहे हे त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते इतक्या जोरात पाळले जायचे. शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा. सगळं जबलपूर रविवारी सकाळी सदरमध्ये डोसा खात बसलेलं असायचं आणि आम्ही त्यांच्यामधून घट्ट वेण्या आणि इस्त्रीचा युनिफॉर्म घालून चाललेलो. लोक आमच्याकडे बघून हसायचे आणि मला त्यांचा राग यायचा नाही. प्रार्थनेला मुलांनी डोकं झाकायचं असा नियम होता. एका सरदार मुलाला त्याच्या पटक्यावर वरून टोपी घालायला लावली. नियम सबके लिए एक, असं त्याला सांगण्यात आलं. वसंतात पेसाहचा सण यायचा, त्या आठवड्यात खमीर, म्हणजे आंबवलेलं पीठ, वर्ज्य, म्हणून कॅन्टीनमधला ब्रेडपकोडा बंद. त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये पुड्यांवर पुड्या जलेबी यायची. मैदा आंबवल्याशिवाय जलेबी होत नाही हे जबलपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण फळ्यावर जलेबी लिहिलेली नव्हती ना.

हे सगळं पाळून घेणारी एक मॅडम होती. शिकवायची भूगोल, पण तिचा जीव रमायचा आमच्या डब्यांत. फळ्यावर लिहिलेलं होतं की मांस आणि दूध एकत्र खाऊ नये. हा नियम तेवढा आमच्या घरीही होता, आणि फळ्याआधीपासून होता. मॅडमने त्यासाठी व्हरांड्यात दोन बाकं मांडून घेतली होती, एक दह्या-दुधाचं आणि एक मटण-अंड्याचं. दोन्हीच्या मधून ती पट्टी घेऊन फिरायची. झाकण उघडायची, वास घ्यायची, चमच्याने ढवळून बघायची. एवढ्या निष्ठेने तिने नकाशे शिकवले असते तर आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना नर्मदा कुठून कुठे जाते ते तरी सांगता आलं असतं.

बारावीत होते मी. आदल्या दिवशी पप्पा घरी आले होते म्हणून आईने मटण केलं होतं, आणि उरलेलं माझ्या डब्यात दिलं. आमच्याकडचं मटण पांढुरकं, पिवळसर असतं. मॅडम माझ्याजवळ थांबली.

"ये सफ़ेद-सफ़ेद क्या है?"

"नारियल का दूध, मैडम."

ती एकदम सरळ झाली. पट्टी बाकावर ठेवली. "दूध? मटन में दूध? तुम्हारे डिब्बे में?"

मला आधी हसू आलं. मला वाटलं ती थट्टा करून राहिली आहे. मग तिने डबा उचलला, झाकण न लावताच, आणि तो दोन्ही हातांनी पुढे धरून प्रिन्सिपलच्या खोलीकडे चालू लागली. मागे अख्खा व्हरांडा.

आता हे नीट समजून घ्या, कारण त्या खोलीत ते कोणी समजून घेतलं नाही. आमच्या घरी मटणात दूध, दही, साय, तूप काही पडत नाही. पडत नाही म्हणून तर नारळ. रस्सा दाट व्हावा, तिखट जरा निवावं, आणि तरी गाईम्हशीचं काही त्यात जाऊ नये, यासाठी आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नारळ पिळत आल्या. कोकणात तो दारात होता. जबलपूरला नारळ मिळतो तो पूजेचा. आई घ्यायला गेली की दुकानदार विचारायचा, "पूजा के लिए ना, भाभी?" आई हो म्हणायची. घरी आणून ती तो फोडायची, खवायची, कोमट पाण्यात कुस्करून मलमलीच्या फडक्यातून पिळायची. आजी त्याला रस म्हणायची. आई आणि मी दूध म्हणायचो, जसं सगळेच म्हणतात. सदरच्या खाटकाकडून आणलेलं मटणही आधी मिठात ठेवून त्यातलं रक्त काढायची, मग चुलीवर. त्या अख्ख्या शाळेत तो नियम खराखुरा पाळणारा एकच डबा होता, आणि तो माझा.

प्रिन्सिपल शाकाहारी. त्या माणसाने जन्मात कधी मटण हुंगलेलं नव्हतं आणि मला सांगून राहिला होता मटणात काय घालायचं. डबा त्याने टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवायला लावला. बाजूला त्याचा दुधाचा चहा.

"आप लोग ही नहीं मानेंगे तो कौन मानेगा?" तो म्हणाला. आवाजात दुःख होतं. तेच जास्त डोक्यात गेलं माझ्या.

"सर, ये नारियल है. पेड़ पर लगता है."

"तो दूध क्यों बोला?"

"बोलते हैं, सर."

"बस. दूध मतलब दूध." त्याने चहाचा घोट घेतला. "अपना धर्म मुझे आपसे ज़्यादा पालना पड़ रहा है, बेटा."

आपला धर्म, म्हणाला तो. माझा धर्म, त्याच्या पगारात बसवलेला. मी म्हणाले की सर, हवं तर ट्रस्टला विचारा. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बंद झाला. उलट बोलणं हाही फळ्यावरचा गुन्हा होता. शिक्षा ठरली. रविवारच्या प्रार्थनेत आईने सगळ्यांसमोर येऊन माफी मागायची. नाहीतर प्री-बोर्डचं प्रवेशपत्र मिळणार नाही, आणि प्री-बोर्ड दिली नाही तर शाळा मला बोर्डाला बसवणार नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तू जायचं नाही. एक वर्ष गेलं तर गेलं."

आई ड्यूटीवरून आलेली, पांढऱ्या साडीतच बसली होती. "काहून इतकी तापून राहिली? दोन शब्द बोलायचे."

"पण ते दोन शब्द खोटे आहेत ना. तू काय चूक केली?"

"चूक नाही केली. पण वर्ष तुझं जाईल, त्यांचं नाही जाणार."

पप्पा तेव्हा इटारसीला ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये मुक्कामाला होते. फोनवर म्हणाले, "अच्छा, तर मग निपटवून टाका ना. बारावी आहे पोरीची." आईने फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. आमच्याकडे मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. रेल्वे क्वार्टरच्या त्या टीचभर स्वयंपाकघरात दोन रॅक होते, आणि ती दोन्ही घासत होती. मी तिला पुन्हापुन्हा विनवलं. मला पास व्हायचंच होतं, कोणाला नसतं, पण माझ्या आईने त्या माणसासमोर मान खाली घालावी हे मला सहन होण्यातलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, "झोप आता, रविवारी डोसेवाल्यांच्या मधून जायचं आहे."

रविवारी आई आली. नर्सची साडी नाही, चांगली निळी साडी नेसली होती, जणू कोणाच्या घरी कार्याला निघाली आहे. प्रार्थना झाली. मुलांच्या डोक्यावर रुमाल, सरदाराच्या पटक्यावर टोपी. प्रिन्सिपलने माईक स्वतः तिच्या उंचीला लावून दिला, मोठा सभ्य माणूस. मॅडम पायरीवर पट्टी घेऊन उभी, चेहऱ्यावर अशी तृप्ती की तिनेच मटण खाल्लं असावं.

मी मनात एकच धरलं होतं. निदान तिने नारळ म्हणावं. माफी माग, पण नारळाच्या दुधाची माफी माग, म्हणजे ऐकणाऱ्यातल्या एखाद्याला तरी कळेल की काय मूर्खपणा चालला आहे.

आई म्हणाली, "मुझसे ग़लती हुई. आगे से मटन में दूध नहीं डालूँगी."

टाळ्या पडल्या. माफीला टाळ्या वाजवणारी शाळा तुम्ही पाहिली नसेल, मी पाहिली आहे. प्रवेशपत्र मला तिथेच, पायरीवर देण्यात आलं.

त्या हिवाळ्यात ट्रस्टचे एक म्हातारे गृहस्थ परदेशातून आले. स्थापना दिवस होता. प्रिन्सिपलने मला पुढे केलं, दुकानात एकुलता एक चांगला तुकडा काचेत ठेवतात तसं. गृहस्थ खरंच प्रेमाने बोलले. घरी काय करता, सण कसे करता, विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं की आम्ही मटण नारळाच्या दुधात करतो. आणि थांबले. प्रिन्सिपल शेजारीच उभा होता.

"वा," गृहस्थ म्हणाले. "म्हणजे दूध न वापरता. फारच हुशारीची गोष्ट."

"बिल्कुल सर," प्रिन्सिपल म्हणाला. "कोकोनट तो फ्रूट है, सर."

पापणी लवली नाही त्याची. इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाच वाटलं, याने कधी काही वेगळं म्हटलंच नव्हतं. गृहस्थ पुढच्या माणसाकडे वळले. मी तिथे उभी राहिले आणि त्या माणसाविषयी माझ्या मनात जे होतं त्याला राग म्हणायचीही माझी तयारी नव्हती. रागावायला समोर कोणी असावं लागतं.

पण मी धावत घरी गेले. आईला सांगितलं की ट्रस्टवाल्याने सर्वांसमोर म्हटलं, ते दूध नव्हे, आपलं बरोबर होतं, आणि प्रिन्सिपलने मान्य केलं. मला वाटलं ती निदान हसेल.

"अच्छा," आई म्हणाली. "चांगलं झालं." आणि मटणात टमाटे चिरून टाकले.

कारण त्या रविवारपासून ती टमाटे टाकायला लागली होती. मी म्हटलं होतं, बोर्ड होईपर्यंत ठीक आहे. बोर्ड झालं. मी पुण्याला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले. सुट्टीत घरी आले की टमाट्याचं मटण. मी कधी विचारलं तर, नारळ चांगला नव्हता, नारळ मिळाला नाही, आता कोण पिळत बसतं, असं काहीतरी. जी बाई दवाखान्यात दिवसभर उभी राहून संध्याकाळी नारळ खवायची, तिला आता पिळायचा कंटाळा आला म्हणे. मी ते खरं मानलं, कारण मानायला सोपं होतं.

यंदाच्या सुट्टीत मी स्वतःच सदरला गेले. शाळेवरून गेले. फाटकावर तारा तसाच, आतला फळा नव्याने रंगवलेला, आणि एक नवी मॅडम व्हरांड्यात. मी नारळ घेतला. दुकानदार म्हणाला, "पूजा के लिए ना?" मी हो म्हटलं. घरी येऊन फोडला, खवला, आजीचं मलमलीचं फडकं अजून होतं, त्यातून पिळला. मटण आधी मिठात ठेवलंच होतं. रस्सा उकळायला लागला तशी मी वाटी तिरकी केली. पांढरी धार आत पडली आणि घरात तो जुना वास आला.

आई दारात उभी होती. इतक्या वर्षांनी तिला तो वास आला, आता ती काही म्हणेल म्हणून मी वळून पाहिलं. ती पातेल्याकडे बघत होती. मग हळू आवाजात, कोणी ऐकत असावं तशी म्हणाली,

"मटणात दूध घालून राहिली तू?"

मी गॅस बंद केला.