चौथी पेनल्टी

मी शाळेत खेळ शिकवतो. मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीमुळे नवीन पनवेलला आलो आणि इथलाच झालो. फुटबॉलच्या पंचाची परीक्षा मी हौसेने दिली होती. रविवारी घरी बसून काय करायचं, एवढाच त्यामागचा विचार. त्या हौसेपोटी आमच्या भागातल्या कपाचा पंच झालो आणि नऊ वर्षं राहिलो.

हा कप जुन्या पनवेलमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने सुरू केला. कोकणी मुसलमान, तरुणपणी आखातात फिटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. तिकडे सुट्टीच्या दिवशी कामगारांचे सामने होत, ते बघून त्यांना नाद लागला. कायमचे परत आले तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळून हातभर उंचीचा एक कप घेऊन आले. पहिल्या वर्षी प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळला. शेवटी दोन संघांचे गुण सारखे झाले आणि पहिला कोण यावरून उरणकडची आणि विचुंब्याची मुलं एकमेकांच्या अंगावर गेली. दुसऱ्या वर्षापासून चाचांनी बाद फेरी लावली. "हरला तो घरी गेला," ते म्हणायचे. "शक नको, तक्रार नको." बरोबरी झाली तर जादा वेळ, तरीही सुटलं नाही तर पेनल्टी, पण निकाल त्याच दिवशी लागलाच पाहिजे.

तसं करण्याला आणखी एक कारण होतं. मैदान कधी हातचं जाईल याचा भरवसा नसे. दोन-तीन वर्षं एखाद्या मोकळ्या जागेत सामने भरवावेत, तोवर तिथे पत्रे लागायचे आणि पाया खणायला सुरुवात व्हायची. मग कप पुढच्या मोकळ्या जागेत जायचा. असं करत करत तो उलव्याच्या कडेला पोचला होता. समोर विमानतळासाठी कापलेला डोंगर, मागे अर्धवट बिल्डिंगी आणि दिवसभर डंपरची धूळ.

मी सांगतोय ते त्या जागेवरचं शेवटचं वर्ष. होळी होऊन गेली होती. जागेच्या मालकाने ऐनवेळी सांगितलं की सोमवारपासून इथे सळया आणि खडी उतरणार. त्यामुळे दोन रविवारी व्हायचं ते एका रविवारी आलं. उपांत्य सामने सकाळी, अंतिम सामना दुपारी साडेतीनला. उन्हाचं काय, असं मी चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, दुसरी जागा नाही मिळाली. पोरं तयार आहेत." मग मीही तयार झालो.

अंतिम सामना पनवेल आणि गव्हाण यांच्यात होता. मी पनवेलला राहणारा. सामन्याआधी चाचांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आज कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नका." मी ते फार मनावर घेतलं. आज जे करायचं ते नियमाने, मग समोर कुणीही असो, असं ठरवून मी शिट्टी गळ्यात घातली.

मध्यंतराच्या थोडं आधी गव्हाणच्या बचावपटूने मागून पाय घातला. त्याला आधीच एकदा ताकीद मिळाली होती. मी लाल कार्ड काढलं. गव्हाणची माणसं कडेला उभी होती, त्यांच्यातून आवाज आला, "पनवेलचा हाय, पनवेलचाच खेळणार." मी तिकडे बघितलं नाही, पण ऐकलं.

गव्हाणच्या संघात मधल्या फळीत एक खेळाडू होता. वय तिशीच्या पुढे, संघात सगळ्यात मोठा. उलव्यातल्याच एका साइटवर तो खोदाईचं मशीन चालवायचा. माझी त्याची मैदानापुरती ओळख. भांडण झालं की तो मधे पडायचा, त्यामुळे तो असला की मला बरं वाटायचं. उत्तरार्धात, एक-एक अशी बरोबरी असताना, चेंडू बाहेर गेला तेव्हा तो माझ्याजवळ आला. चेहरा पांढरा पडला होता आणि घाम गळत होता. पण त्या उन्हात सगळ्यांचाच गळत होता.

"सर, छातीत जड वाटतंय. जरा बसू का?"

मी म्हणालो, "बाहेर जायचं तर जा. परत येताना मला विचारून यायचं."

त्यांचे तिन्ही बदली खेळाडू उतरून झाले होते. तो गेला असता तर नऊ जण उरले असते. त्यांचा कप्तान धावत आला आणि त्याला म्हणाला, "धा मिनटा रायलीत. पळू नको, नुसता उभा रा." पनवेलचा कप्तान दुसऱ्या बाजूने म्हणाला, "सर, वेळ काढतायत हे." मी घड्याळ बघितलं आणि खेळ सुरू करा म्हणून हात केला. तो आत राहिला.

निर्धारित वेळ संपली. मग जादा वेळ. तो मधोमध उभा होता, चेंडू जवळून गेला तरी वळत नव्हता. एकदा त्याने डावा हात चोळलेला मला दिसला. आजही ते नीट आठवतं, म्हणजे मी ते बघत होतो.

जादा वेळेतही गोल झाला नाही. पेनल्टी सुरू झाल्या. गव्हाणतर्फे चौथी पेनल्टी त्याची. तो सावकाश चालत आला. चेंडू ठेवला आणि तिथेच शेजारी खाली बसला. मी शिट्टी वाजवली. तो उठला नाही. पनवेलची मुलं ओरडायला लागली. मी जवळ गेलो.

"ऊठ. वेळ काढू नकोस."

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, नाही म्हणतोय. मी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि हात वर करून त्याला दाखवलं. वहीत नोंद करायला मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा तो चेंडूवर आडवा पडला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. चाचांचा माल पोचवायचा टेम्पो तिथेच होता. चौघांनी त्याला उचलून आत ठेवलं. मी मागे बसलो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. रस्ता डंपरनी भरलेला. मी छाती दाबत होतो, शाळेच्या शिबिरात शिकवली होती तशी. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की गेले. मग त्यांनी विचारलं, आधी काही त्रास होत होता का. तास-सव्वा तास आधीपासून झटका सुरू असावा, असं ते म्हणाले. गव्हाणचा कप्तान माझ्याकडे बघत होता. "हो," मी म्हणालो, "बसू का म्हणाला होता."

सामन्याचा अहवाल मला लिहायचा होता. चाचा म्हणाले, "सर, ते पिवळं कार्ड लिहू नका. मरहूम माणूस आहे." मी लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, त्याच्यासाठी सोडतोय. खरं तर स्वतःसाठी सोडलं.

तेराव्यानंतर मी गव्हाणला त्याच्या घरी गेलो. चाचा येतो म्हणाले, मी एकटाच गेलो. ओटीवर त्याचे वडील बसले होते, त्यांनी खुर्ची दिली. आतून त्याची बायको आली आणि दाराशी उभी राहिली. मी काहीतरी बोलायला लागलो, तिने मधेच विचारलं,

"तुमाला तो काय बोलला व्हता?"

"छातीत जड वाटतंय म्हणाला. बसू का, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हणालो, जायचं तर जा. आत यायला परवानगी लागेल."

ती म्हणाली, "सरांचा शब्द तो कदी मोडायचा नाय. तुमी बस बोलले असते त बसला असता."

तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. वडील जमिनीकडे बघत होते. कार्डाचं मी सांगितलं नाही. ते त्यांना कळलेलंच असणार, शेदोनशे माणसांनी बघितलं होतं. तिने चहा विचारला. मी नको म्हणालो आणि उठलो.

त्या वर्षीचा कप कुणालाच दिला नाही. पुढच्या वर्षी चाचांनी मैदानावर डॉक्टर बसवला, पाण्यासाठी खेळ थांबवायचा नियम केला, अंतिम सामना वेगळ्या दिवशी ठेवला. गव्हाणचा संघ आला नाही. मीही गेलो नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सहाच संघ आले आणि चाचांनी कप बंद केला. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. चाचा गल्ल्याशेजारी बसलेले असतात. मी खिळे घ्यायला गेलो की तब्येत विचारतात. फुटबॉलचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

गेल्या वर्षी उलव्याची काही तरुण माणसं घरी आली. नवीन कप सुरू करायचा होता, पंच हवा होता. मी नकार दिला. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, कार्डासकट. त्यांच्यातला एकजण समजुतीने म्हणाला, "सर, तुमची काय चूक? नियमच तसा आहे."

"नियम तसा नाही," मी म्हणालो. "खेळाडूला गंभीर त्रास होतोय असं पंचाला वाटलं, तर त्याने खेळ थांबवायचा असतो. तेही नियमातच आहे. परीक्षेत मला तो प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर लिहिलं होतं."

बायकोने आणलेला चहा त्यांनी प्यायला आणि ते गेले. त्यांना खारघरचा कुणीतरी पंच मिळाला, असं नंतर कळलं.